काकूंचं बाळ

जिच्या कृपेने मुखातून अक्षर उमटते त्या वाग्देवतेला, आणि पाळण्याशी येऊन कोऱ्या कागदावर बाळाचे भाग्य लिहिणाऱ्या षष्ठीमातेला वंदन करून मी आज लिहावयास बसलो आहे. निमित्त सांगतो. आमच्या इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या घरात जन्मलेल्या एका बाळाला आज वर्ष पूर्ण होत आहे. देवाच्या दयेने ते सुखरूप आहे. परंतु ते आता आमच्या खाली राहत नाही, आणि आजच्या दिवसाचे आम्हाला बोलावणे नाही. बोलावणे नसावे हेच योग्य, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगावे, एवढ्याचसाठी हे लिहितो.

मी पनवेलच्या एका शाळेत अडतीस वर्षे संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर सुकापुरात दोन खोल्यांचे घर घेतले. मी व्यवसायाने भिक्षुक नव्हे. परंतु धोतर नेसतो, सकाळ-सायंकाळ संध्या करतो, कोणी सांगितले तर गणपतीची प्रतिष्ठापना सांगतो, म्हणून सगळी इमारत मला गुरुजी म्हणते. आमच्या सौभाग्यवतींना सगळे काकू म्हणतात. आम्हाला अपत्य नाही. हे वाक्य तीस वर्षांपूर्वी माझ्या हातून लिहिले गेले नसते. आता लिहिता येते.

वर्गात मला सर्वांत प्रिय असलेली विभक्ती म्हणजे षष्ठी. मुले ती पाठ करीत: चा, ची, चे. मी म्हणत असे, पाठ करू नका, विचार करा. गुरूचा शिष्य, वृक्षाची छाया, राजाचा सेवक. प्रत्यय एक, पण नाती तीन. शिष्य गुरूच्या मालकीचा नसतो आणि छाया वृक्षाने विकत घेतलेली नसते. षष्ठी केवळ संबंध सांगते. तो कोणता, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. हे मी इतक्या वेळा सांगितले की पुढे पुढे ते सांगताना मला विचार करावा लागत नसे. माझ्या आयुष्यातील मोठी चूक या विषयात घडेल असे कोणी म्हटले असते तर मी हसलो असतो.

खालच्या घरात एक तरुण जोडपे भाड्याने आले होते. नवरा बंदरातील कंटेनरच्या आवारात पाळीच्या नोकरीवर. बायको उरणकडच्या एका गावातली, भातशेती आणि मिठागर सांभाळणाऱ्या घरातली मुलगी. आवाज मोकळा, पायात पैंजण, आणि कामाचा उरक असा की जिन्यातून जाताना आमच्या दारासमोरची धूळही झाडून जाई. "गुरुजी, पानी आलं का वर?" हे तिचे माझ्याशी पहिले बोलणे. वर्षभराने तिला पहिले मूल झाले आणि अकराव्या दिवशी, बारशाची तयारी चालू असताना, ते गेले. घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे तिच्या सासूने आमच्या दारात आणून दिले आणि म्हणाली, "काकू, गाईला घाला." त्यानंतर कित्येक महिने आम्हाला त्या पैंजणांचा आवाज ऐकू आला नाही.

दुसऱ्या वेळी मुलगा झाला. बाराव्या दिवशी सकाळी सासू सूप घेऊन वर आली. सुपात दुपट्यात गुंडाळलेले बाळ, मागे सून, तिच्या डोळ्यांत भय.

"काकू, आमच्या घरात पोर ठरत नाय. याला तुमी विकत घ्या."

आमच्या सौ. गोंधळल्या. "अहो, विकत म्हणजे?"

"विकत म्हंजे विकत. मूठभर कोंडा द्या नि ओटीत घ्या. मंग तो तुमचा. आमी नुसता सांभालनार."

ज्यांची मुले वाचत नाहीत त्या घरांतील ही जुनी रीत मी ऐकून होतो. जे नेण्यासाठी येते ते आईचे मूल शोधत येते. मूल आईचे नाहीच, कोंड्याच्या मोलाने दुसऱ्याला दिलेले आहे, असे कळले म्हणजे ते दारावरून परत फिरते, अशी श्रद्धा. सासूने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, चालंल ना शास्त्रात?"

मी म्हणालो, "कोणत्याही गृह्यसूत्रात मला हे आढळलेले नाही. पण लोकाचाराला शास्त्र आडवे येत नाही." हे वाक्य बोलल्यावर मला स्वतःचे थोडे कौतुकही वाटले, हे कबूल केले पाहिजे. सौ.नी पदर पसरला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवले नाही.

विक्रीच्या अटी सासूने बोटांवर मोजून सांगितल्या. नाव ओबडधोबड ठेवायचे. अंगाला लागणारे पहिले वस्त्र काकूंचे. आणि जावळ निघेपर्यंत आईने त्याला चुकूनही 'माझं' म्हणायचे नाही. विचारणारा कोणीही असो, बाळ काकूंचं.

या तिसऱ्या अटीचा पाठ मी घेतला. कोणी सांगितले नव्हते, सवयीने घेतला. संध्याकाळी ती बाळाला घेऊन वर येई. बाळ हसले की तिच्या तोंडून निसटे, "माझं सोनं गं ते!" मी चष्म्यावरून पाहत बोट वर करी. "कोणाचं?" ती जीभ चावून म्हणे, "काकूंचं! काकूंचं!" आणि आम्ही तिघेही हसत असू. तो आमचा खेळच झाला. मी जिन्यात दिसलो की ती आधीच सांगे, "इचारू नका गुरुजी, पाठ हाय माझा." लस टोचायला गेली तेव्हा परिचारिकेला तिने सांगितले, "काकूंच्या बाळाला रात्री ताप व्हता," आणि परिचारिकेने विचारले, "मग काकू कुठेत?" हे तिने आम्हाला पोट धरून हसत सांगितले. माझ्या एकाही विद्यार्थ्याने षष्ठी इतकी पक्की केलेली नव्हती.

बाळ साडेतीन महिन्यांचे असताना ती गोष्ट घडली. सुटीचा दिवस, सकाळी अकराची वेळ, ऊन असे की डांबर मऊ झालेले. नवऱ्याने जुनी छोटी गाडी घेतली होती. तिघे महामार्गालगतच्या एका मोठ्या दुकानात गेले. सामान घेऊन बाहेर आले. झोपलेले बाळ मागच्या आसनावर ठेवले. गाडीत गारवा राहावा म्हणून इंजिन चालू केले. एक पिशवी विसरली म्हणून नवरा आत परतला. तिने उरलेले सामान आत ठेवले, आणि रिकामी ट्रॉली वाटेत कोणाला लागू नये म्हणून पंधरा पावलांवरच्या रांगेत लावायला गेली. तिने मागे वळून पाहिले तेव्हा गाडी पार्किंगच्या फाटकातून बाहेर पडत होती. कोणा चोराने चालू गाडी पाहिली आणि तो ती घेऊन गेला. मागे बाळ आहे हे त्याला ठाऊक नव्हते. हे सगळे पुढे सिद्ध झाले, पण पुढे.

त्या वेळी ती गाडीमागे धावली, पडली, पुन्हा उठली आणि ओरडली. काय ओरडली, हे साऱ्या पनवेलने ऐकले आहे, कारण तोपर्यंत चारपाच जणांनी मोबाईल काढले होते. धावायला मात्र कोणी निघाले नव्हते. त्या चित्रफितीत ती दोन्ही हातांनी डोके धरून म्हणते, "काकूंचं बाळ नेलं वो! काकूंचं बाळ नेलं! आता काकूंना काय सांगू!"

दोन तासांत ही चित्रफीत आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आली. दुपारी मी फाटकाशी गेलो तो बाकावर सोसायटीचे सचिव बसलेले, आणि शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई. त्या दररोज बागेत योगासने शिकवतात.

"गुरुजी, बघितलात ना?" सचिव म्हणाले. "काकूंचं म्हणतेय. स्वतःचं असतं तर असं म्हणाली असती?"

"आणि ट्रॉली परत ठेवायला गेली म्हणे," बाई म्हणाल्या. "मी विचारते, ह्या पनवेलात आजवर कोणी ट्रॉली परत ठेवलीय? मी तर गाडीजवळच सोडून येते."

"गाडी चालू ठेवून?"

"एसीसाठी हो! आमची पोरं काय एसीत वाढली?"

"पोर बघा केवढं गोरं, आणि ही..." सचिवांनी स्वतःच्या मनगटावर बोट फिरवले. "नवरा बंदरात. कंटेनरमधून काय काय बाहेर जातं, कोणाला पत्ता लागतो?"

"शी! काहीतरीच तुमचं."

"मी नाही म्हणत. लोक म्हणताहेत."

व्याकरणात प्रत्येक क्रियेला कर्ता असतो असे मी आयुष्यभर शिकवले. 'लोक म्हणतात' या वाक्यातला कर्ता मला त्या दिवसापासून कोठेही सापडलेला नाही. ज्याला विचारावे तो म्हणे, मी नव्हे, लोक. मी त्यांना सांगावयास हवे होते की हा शब्द मीच तिच्याकडून घोटून घेतला आहे. मी सुरुवातही केली. पण सचिव म्हणाले, "गुरुजी, तुम्ही साधे आहात," आणि बाई म्हणाल्या, "तुम्हाला आजकालचं जग माहीत नाही." साधा म्हटल्यावर माणसाचे बोलणे संपते. मी वर आलो. सौ. घरी नव्हत्या, बातमी कळताच त्या पायातल्या चपलांनिशी तिच्यामागे पोलीस ठाण्यात गेल्या होत्या.

तीनच्या सुमारास दार वाजले. रंगीत टोपडे घातलेला माईक घेऊन एक तरुण बातमीदार आणि त्याच्या मागे मोबाईल धरलेला एक जण. सासूने कोणाशी तरी बोलताना कोंड्याची गोष्ट सांगितली होती. ती पायऱ्या उतरता उतरता एवढीच उरली होती की बाळ विकले.

"गुरुजी, तुम्ही आदरणीय आहात, खोटं बोलणार नाही. बाळ विकलं होतं, हे खरं का?"

मी उपरणे सारखे केले. मला वाटले, आता एकदाचे नीट सांगता येईल. मी म्हणालो, "विक्रय झाला होता, हे खरे आहे."

आणि थांबलो.

अडतीस वर्षांची सवय. महत्त्वाचे वाक्य झाले की मी थांबत असे, शेवटच्या बाकावरच्या मुलांना उतरून घेता यावे म्हणून. पूर्वपक्ष प्रथम पूर्ण मांडायचा, मग क्षणभर विराम, मग "परंतु" म्हणून त्याचे खंडन. त्या विरामात मुलांच्या लेखण्यांचा जो आवाज होई तो मला मंत्रासारखा प्रिय होता. या खेपेस त्या विरामात माईक दूर झाला. "थँक्यू, गुरुजी!" म्हणत तो तरुण दोन दोन पायऱ्या उतरत गेला. परंतु तो विक्रय लाक्षणिक होता, परंतु ते तिच्याच पोटचे बाळ आहे, परंतु ही आपल्याच मातीतली रीत आहे, हे सारे मी रिकाम्या जिन्याला सांगितले.

चार वाजता माझा चेहरा सर्वांच्या मोबाईलवर होता. वर लाल अक्षरांत, शेजारच्या गुरुजींचा धक्कादायक खुलासा. खाली मी, उपरणे सारखे करून, ठाम स्वरात, विक्रय झाला होता, हे खरे आहे. इतके शुद्ध उच्चार, इतका शांत चेहरा. मी त्रयस्थ म्हणून ऐकले असते तर माझाही विश्वास बसला असता.

लगेच एक हवालदार आमच्या घरी आले. सभ्य गृहस्थ होते, जोडे बाहेर काढून आत आले. त्यांनी कपाट उघडायला सांगितले. कपाटात सौ.नी शिवलेली झबली, दुपटी, कुंची, घड्या घालून ठेवलेली.

"अपत्यं किती?"

"नाही."

"मग हे कोणाचं?"

मी त्यांना बसवून लोकाचार म्हणजे काय, लक्षणा म्हणजे काय, षष्ठीचे अर्थ किती, हे सविस्तर सांगितले. त्यांनी फार आदराने ऐकले, चहाही घेतला. मग वहीत एक ओळ लिहिली. मला उलट्या बाजूने वाचता येते, शिक्षकाला येतेच. लिहिले होते, बाळ विकत घेतल्याचे मान्य करतात.

त्या दिवशी ठाण्यात काय झाले ते मला सौ.नी नंतर सांगितले, आणि एकदाच सांगितले. त्या मुलीला दुपारपासून एका खुर्चीवर बसवले होते. एक महिला अधिकारी तिला विचारत होत्या. त्यांच्या टेबलावर मोबाईल होता आणि त्यात आधी तिची चित्रफीत, नंतर माझी.

"खरं सांग. बाळ कोणाचं?"

"काकूंचं."

"मग तुझ्याकडे कसं आलं?"

"सांभालाया."

"तुझं नाही?"

तिने मान खाली घातली. त्यांनी चढ्या आवाजात विचारले, हळू विचारले, दटावून विचारले. ती 'माझं' म्हणेना. कारण तिला ठाऊक होते की बाळ या क्षणी कोठेतरी एकटे आहे, नेणाऱ्याच्या हातात आहे, आणि नेमक्या याच वेळी आईने त्याच्यावर हक्क सांगितला तर ते कायमचे जाईल. एका शब्दाने ती सुटली असती. आपण सुटावे म्हणून तिने तो उच्चारला नाही. साऱ्या शहराला जो तिच्या अपराधाचा पुरावा वाटला, तो तिने बाळासाठी केलेला एकमेव उपाय होता. आणि तो उपाय चुकू नये म्हणून, बोट वर करून, मी तिची उजळणी घेतलेली होती.

संध्याकाळ होत आली तेव्हा आमच्या सौ. उठल्या. चाळीस वर्षांत मी त्यांचा चढा आवाज ऐकलेला नाही. त्या म्हणाल्या, "बाई, हिच्या ब्लाऊजकडे बघा. दोन्ही बाजूंनी भिजलाय. बाळाची प्यायची वेळ झाली की असंच होतं. आता माझ्या पदराला हात लावा. कोरडा आहे. जन्मभर कोरडाच आहे. मी विकत घेतलंय ते मूठभर कोंड्याला, आणि ते हिचं आहे. आता तुम्ही लिहा काय लिहायचं ते."

त्या अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली, स्वतः उठून पाण्याचा पेला आणला, आणि प्रथमच खरा शोध सुरू झाला. पण दुपार तर गेलीच होती.

आता बाळाचे सांगतो. चोराने दोनतीन कोस गेल्यावर रडणे ऐकले. घाबरला, आणि खोपोलीच्या रस्त्याला एका फळवालीच्या छपराखाली, पेरूच्या टोपल्यांमागे, बाळाला ठेवून पळाला. त्या माउलीने पाणी शिंपून त्याचे अंग गार केले आणि दुपारी एकच्या आतच त्याला जवळच्या चौकीवर नेले. म्हणजे ठाण्यात हिला "बाळ कोणाचं" विचारायला सुरुवात झाली, तेव्हा बाळ पोलिसांच्याच हाती होते. मग ते त्या दिवशीच घरी का आले नाही? कारण एव्हाना लोकांनी आपापल्या उत्साहाने 'हेच ते बाळ' म्हणून एक छायाचित्र पसरवले होते. कोठल्याशा जाहिरातीतले गुबगुबीत, गोरेपान, निळ्या टोपीचे. त्याखाली लिहिलेले, आईनेच विकले, टोळी गुजरातकडे निघाली आहे. चौकीतल्या माणसाने मोबाईल बाळाशेजारी धरून पाहिले आणि म्हटले, हे ते नाही. मग रीतीप्रमाणे बेवारस म्हणून नोंद झाली आणि बाळाला अनाथ बालकांच्या एका संस्थेत पाठवले. सचिवांनी ज्याला 'केवढं गोरं' म्हटले तेही त्या छायाचित्रावरूनच. खालच्या मजल्यावरचे सावळे बाळ त्यांनी साडेतीन महिन्यांत नीट पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या चौकीवरची नोंद जुळल्यावर, ते संस्थेत सापडले. ती आत गेली, तिने त्याला घेतले, आणि ते तिला चिकटले. संस्थेतल्या बाईंनी कागद पुढे केला. त्यावर छापलेले होते, माझे बाळ मला मिळाले. सौ. सांगतात, त्या 'माझे'पाशी तिचा हात कितीतरी वेळ अडला. शेवटी तिने सही केली आणि लगेच बाळाच्या कपाळावर हात ठेवला, जणू ते गार पडले की काय हे पाहण्यासाठी.

आमच्या इमारतीच्या फाटकावर स्वागताचा फलक लागला. सचिव पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आले.

"गुरुजी, सोसायटीतर्फे सत्यनारायण घालू या. येत्या शनिवारी. तुम्हीच सांगा पूजा."

"त्यांना विचारलेत?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांच्यासाठीच तर!"

"तुम्ही ग्रुपवर जे लिहिलेत ते पुसलेत का?"

ते हसले. "मी कुठे काय लिहिलं? आलेलं पुढे पाठवलं. आणि तुमचाच तर व्हिडिओ होता त्यात."

मग मी त्या बातमीदार तरुणाचा पत्ता काढून त्याला भेटलो आणि उरलेले वाक्य जोडायची विनंती केली. तो उठून उभा राहिला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, आता मॅटर संपला ना. बाळ मिळालं, त्यात कोणाला इंटरेस्ट नाही." खोटे काही छापले नाही, असेही म्हणाला. ते खरेच होते.

शनिवारी पूजा मी सांगितली नाही. मांडवात गेलो, आणि प्रसादापूर्वी उभा राहून पूर्ण वाक्य बोललो. विक्रय, परंतु, आणि परंतुच्या पुढचे सगळे, माझ्या बोट वर करण्यासह. ते कोणी मोबाईलवर घेतले नाही. योगासनांच्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, जाऊ द्या आता, शेवट गोड झाला ना?" मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, "काहीतरी तडजोड झाली असणार." मग प्रसाद वाटला गेला. खालचे दार पूजाभर बंद होते.

महिनाभरात त्यांनी उरणकडच्या गावी परत जायचे ठरवले. दुकानात, रिक्षात, दवाखान्यात, कोणी ना कोणी तिला ओळखी आणि हसून विचारी, "काय, काकूंचं बाळ का?" जायच्या दिवशी सकाळी ती बाळाला कडेवर घेऊन वर आली. बसली नाही.

"काकू," ती म्हणाली, "जावळाला अजून टाइम हाय, मना म्हाईत हाय. पन आता मी त्याला माझा म्हननार. जगला तरी माझा, काय झालं तरी माझा. परत कोनी इचारलं तर मना एकच उत्तर पायजे."

सौ. म्हणाल्या, "तुझाच गं तो. तुझाच." आणि त्यांनी बाळाला हात लावला नाही. हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "गुरुजी, तुमी खोटं नाय बोललात. पन अर्ध्यात का थांबलात?"

मी सांगू शकलो असतो की मला थांबवले, माईक काढून घेतला, बाकीचे कापले. इमारतीत प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे असेच काही सांगितले होते. मी म्हणालो, "सवय होती, बाई. लोक लिहून घेतात असं वाटलं."

तिने मान हलवली. समजल्यासारखी की कंटाळल्यासारखी, मला कळले नाही. वाकून नमस्कार करायला ती कधी विसरत नसे. त्या दिवशी कडेवर बाळ होते. ती जिना उतरून गेली.

सौ.नी कपाटातली झबली धुऊन त्या अनाथ बालकांच्या संस्थेत दिली. खालच्या घरात नवे भाडेकरू आले आहेत. सचिव भेटले की वाकून नमस्कार करतात, आणि मी आशीर्वाद देतो, कारण देणे हा माझा धर्म आहे. तो देताना मन कडू होते, हा माझा दोष आहे. बोलताना मी आता मध्ये थांबत नाही. लोक म्हणतात, गुरुजींना वयामुळे धाप लागते.

वाचकहो, तुमच्या घरातली लेकरे शतायुषी होवोत. तुमच्या पाळण्यावर कोणाची दृष्ट न पडो आणि तुमच्या दुःखावर कोणाचा मोबाईल न रोखला जावो. तुमच्या उंबऱ्यात जी आई असेल तिला आपल्या बाळाला आपले म्हणताना कधी भय न वाटो, आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतका धीर ती षष्ठीमाता तुमच्या कुटुंबाला देवो. शुभं भवतु.